बर्फ कडक झाला की स्नो बाइकचं काय होतं?

हा व्हिडिओ तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेला असेल. मोटरसायकल आहे, पण पुढचं चाक गायब. त्या जागी एक रुंद स्की. मागचंही चाक नाही. तिथे रणगाड्यासारखा गरगर फिरणारा लांब रबरी पट्टा. स्वार भुसभुशीत बर्फातून गाडी आडवीतिडवी घालतोय आणि मागे पांढऱ्या धुरळ्याचा पिसारा उडतोय. घरातलं शाळकरी पोर लगेच विचारतं, "ही आपल्याकडे मिळते का?"

हिला स्नो बाइक म्हणतात. असे व्हिडिओ बहुतेक ऐन हिवाळ्यातले असतात. तीच गाडी त्याच डोंगरावर मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये नेली, तर चित्र वेगळं दिसतं. हँडल हातात थरथरतं, गाडी भलतीकडे ओढते, इंजिन तापतं आणि थोड्या वेळाने मागून प्लास्टिक जळल्यासारखा वास येऊ लागतो. गाडी बिघडलेली नसते. बर्फ बदललेला असतो. वसंतातल्या त्या कडक बर्फासाठी गाडीत काय काय बदलावं लागतं आणि का, ते आज बघू.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. स्नो बाइक अख्खी विकत घेण्यापेक्षा बहुतेक लोक ती बनवतात. चिखलमातीत पळणारी मोटोक्रॉसची मोटरसायकल घ्यायची, सहसा ४५० सीसीची. तिची दोन्ही चाकं काढायची आणि स्की व ट्रॅकचं किट बसवायचं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात सँडपॉइंट नावाचं गाव आहे. तिथल्या टिंबरस्लेड कंपनीने ही किट लोकप्रिय केली. २०१५मध्ये पोलारिस या मोठ्या कंपनीने ती विकत घेतली. २०१७मध्ये कोलोरॅडोतल्या ॲस्पेन इथे एक्स गेम्समध्ये स्नो बाइकची शर्यत पहिल्यांदा झाली आणि हा खेळ जगाला माहीत झाला. (जाड टायरच्या सायकलींनाही काही जण स्नो बाइक म्हणतात. आज त्या आपल्या विषयात नाहीत.)

आपल्याकडे गुलमर्ग किंवा सोलांगला गेलात, तर या गाडीची मोठी बहीण भेटते, स्नो स्कूटर. तिला पुढे एकाऐवजी दोन स्की असतात, पण मागचा पट्टा त्याच जातीचा. त्यामुळे पट्ट्याबद्दल पुढे जे सांगतोय, ते तिलाही लागू पडतं.

एकच शब्द, पण बर्फ किती तरी

आपली एक गंमत आहे. फ्रीजमधला तो बर्फ, गोळेवाला किसतो तोही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकात राहिला. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांना मात्र हा फरक रोज करावा लागतो, कारण त्यावर गाडीच काय, जीवही अवलंबून असतो.

नुकताच पडलेला कोरडा बर्फ म्हणजे बहुतांशी हवा. त्याचा एक घनमीटर ढीग साधारण ५० ते १०० किलो भरतो. तोच बर्फ महिनोन्‌महिने दबला, दिवसा वितळला, रात्री गोठला, की वसंतात तेवढाच ढीग ४०० ते ५०० किलोंचा होतो. एक घनमीटर पाणी १००० किलोंचं, म्हणजे हा बर्फ जवळजवळ निम्म्या पाण्याइतका जड! त्याचे नाजूक कण गोल होतात, एकमेकांना चिकटतात. हातात घेतलात तर जाड्या मिठासारखा लागतो. मे महिन्यात रोहतांगला भाड्याचे गमबूट घालून जो मळकट, खरखरीत बर्फ तुम्ही तुडवता, तो हाच.

आणि हा बर्फ दिवसभरही एकसारखा राहत नाही. पहाटे तो फरशीसारखा टणक असतो. ऊन चढलं की वरचा थर सुटा होतो, दुपारी त्याचा लगदा होतो. रात्री आभाळ निरभ्र असेल तर हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असूनही बर्फाचा पृष्ठभाग गोठतो, कारण तो आपली उष्णता थेट आकाशात सोडून देतो. ढगाळ रात्री मात्र तो नीट गोठत नाही. म्हणून तिथले जाणते स्वार सकाळी थर्मामीटर बघण्याआधी रात्रीचं आभाळ कसं होतं ते विचारतात.

बर्फ नुसता रस्ता नसतो

आता मुख्य मुद्दा. बर्फ म्हणजे फक्त गाडी पळण्याची जमीन, असं आपल्याला वाटतं. स्नो बाइकच्या बाबतीत तो आणखी दोन कामं गुपचूप करत असतो. तो वंगण असतो आणि गाडी गार ठेवणारं पाणीही असतो. हिवाळ्यात ही दोन्ही कामं फुकटात होतात, म्हणून ती कुणाच्या लक्षात येत नाहीत. वसंतात बर्फ कडक होतो आणि दोन्ही बंद पडतात.

वंगणाचं कसं ते बघा. तो रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, आतून दोन लांब रुळांवरून घसरत फिरतो. रुळांच्या तळाला प्लास्टिकच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना हायफॅक्स म्हणतात. ट्रॅकच्या आतल्या बाजूच्या धातूच्या क्लिपा या प्लास्टिकवरून सतत घासत जातात. बैलगाडीच्या आसाला वंगण लागतं, तसं इथेही लागतंच. पण इथे तेल नाही, ग्रीस नाही. भुसभुशीत बर्फ उडून आत शिरतो, घर्षणाने वितळतो आणि त्या पाण्याच्या पातळ थरावरून ट्रॅक सुळकन घसरतो.

कडक बर्फ उडतच नाही. आत काहीच जात नाही. प्लास्टिक आणि धातू कोरडे घासू लागतात. हे प्लास्टिक साधारण १३० अंश सेल्सियसला वितळतं, आणि वेगात कोरडं घासलं तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. मग तो जळका वास. पट्टी मऊ होते, क्लिपांना चिकटते, गाडी जड चालल्यासारखी वाटते. चालवणाऱ्याला वाटतं इंजिन दमलं, म्हणून तो ॲक्सिलेटर आणखी पिळतो. नेमकं हेच करायचं नसतं.

यावरचा उपाय अगदी साधा आहे आणि मला तो फार आवडतो. रुळाच्या बाजूला स्प्रिंगसारखी वळवलेली एक काडी किंवा जाड तार लावतात. तिला स्क्रॅचर म्हणतात. तिचं टोक बर्फावर ओरखडत जातं आणि उडालेला चुरा पट्टीवर फेकतं. नारळ खवताना कीस उडतो ना, तसाच. एवढ्याशा कीसावर पट्टी गार राहते. मऊ बर्फात ही काडी वर अडकवून ठेवतात. कडक बर्फ लागला की खाली सोडायची. गाडी हाताने मागे ओढताना मात्र ती आधी वर घ्यायची, नाहीतर टोक बर्फात रुतून वाकतं. तारेच्या जातीची असेल तर ती मागेही वळते आणि हा त्रास वाचतो. वसंतासाठी एकाच गोष्टीवर पैसे खर्चायचे असतील, तर ते मी स्क्रॅचरवर खर्चेन. रुळाला जादा छोटी चाकं लावूनही पट्टीवरचा भार कमी करता येतो, पण ते नंतरचं.

स्क्रॅचर लावूनही काम भागलं असं नाही. वाटेत कडेला मऊ बर्फ दिसला की दोन मिनिटं गाडी त्यातून न्यायची. गाडीला पाणी पाजल्यासारखंच ते. आणि परत आल्यावर पट्टीची जाडी बघायची. अनेक पट्ट्यांवर झिजेची खूण असते. तिथवर आली की बदलायची. पुढच्या वळणाजवळ ती सगळ्यात लवकर झिजते.

आता पाण्याचं काम. मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्यांना रेडिएटर असतो, पण पंखा नसतो. पळताना लागणारा वारा हाच पंखा. हिवाळ्यात उलटी अडचण येते: इंजिन गरजेपेक्षा गार राहतं. म्हणून किट लावताना थर्मोस्टॅट बसवतात आणि रेडिएटरवर कापडी झाकण किंवा चक्क चिकटपट्टी लावतात. शिवाय उडणारा बर्फ रेडिएटरवर पडून त्याला गार करतच असतो. एप्रिलमध्ये ऊन कडक असतं, बर्फ उडत नाही, चढावर वेग कमी असतो, आणि झाकण मात्र जानेवारीतलंच असतं. निघण्याआधी ते काढायचं, निदान अर्धं तरी. कूलंटची पातळी गाडी थंड असतानाच बघायची. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे तुम्हाला तुमच्या कारवरून माहीत आहेच.

पुढची स्की आणि एक छोटा पट्टा

आता हँडलकडे येऊ. मऊ, खोल बर्फात गाडीचं तोंड वर राहावं लागतं, नाहीतर स्की खाली घुसते. म्हणून हिवाळ्याची मांडणी अशी असते की वजन मागे राहावं आणि पुढचा भाग तरंगावा. कडक बर्फावर तीच मांडणी घातक ठरते. स्की हलकी पडते, बर्फात दात रोवत नाही, आणि तुम्ही हँडल वळवलंत तरी गाडी सरळच जाते.

इथे लिमिटर पट्टा कामाला येतो. ट्रॅकच्या सस्पेन्शनच्या पुढच्या टोकाला हा मजबूत पट्टा असतो; पुढचा भाग किती खाली उतरेल ते तो ठरवतो. हा पट्टा आखूड केला की ट्रॅकचं नाक वर खेचलं जातं आणि वजन पुढे स्कीवर येतं. पट्ट्याला भोकं असतात. कमरेचा पट्टा आवळतो तसं एक भोक आवळायचं आणि चालवून बघायचं. एकदम दोन-तीन भोकं आवळलीत, तर हँडल जड होतं आणि मागचा ट्रॅक जमीन सोडून घसरू लागतो. शिवाय हा सगळा भार पुढच्या फोर्कवर येतो. ब्रेक मारल्यावर किंवा खड्ड्यात पुढचा भाग बुडत असेल, तर फोर्कचं कॉम्प्रेशन एक-दोन क्लिक वाढवावं लागतं.

स्कीच्या तळाला धातूची कडक पट्टी असते, तिची धार महत्त्वाची. मऊ बर्फात ती असली काय, नसली काय, फरक पडत नाही. कडक बर्फावर वळणं तिच्याच भरवशावर होतात. ती बोथट झाली असेल तर बाकी सगळी खटपट वाया जाते. एक गोष्ट मात्र कितीही सेटिंग केलं तरी पूर्ण जात नाही. आधी गेलेल्या गाड्यांच्या गोठलेल्या चाकोऱ्या स्कीला आपल्याकडे ओढतात, आणि गाडी मधेच डावीकडे-उजवीकडे हिसका देते. अशा वेळी हँडल घट्ट आवळून धरलंत तर हात भरून येतात आणि गाडी जास्तच डुलते. सैल पण सावध धरायचं, नजर लांब ठेवायची.

शॉकॲब्सॉर्बरबद्दल एक समज फार पसरलाय: कडक बर्फ, म्हणून स्प्रिंग कडक. ते अर्धंच खरं आहे. मोठे उंचवटे असतील तर मऊ स्प्रिंग तळाला आदळते, हे बरोबर. पण पहाटे सगळीकडे बारीक, गोठलेल्या खडबडीत लाटा असतात. त्यावर फार कडक सस्पेन्शन असेल तर ट्रॅक नुसता टणाटण उडत राहतो आणि पकड सुटते. म्हणून आधी तुमच्या वजनाप्रमाणे प्रीलोड ठरवायचा आणि मग एकेक क्लिक. थंडीत आतलं तेल घट्ट झालेलं असतं, तेव्हा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतल्या हिसक्यांवरून निर्णय घेऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आमटीत मीठ, चिंच आणि गूळ एकदम वाढवलं, तर कशाने बिघडली ते कसं कळणार? खिशात कागद ठेवून मूळ सेटिंग लिहून ठेवा. फोनची बॅटरी थंडीत लवकर मान टाकते.

ट्रॅकचा ताण हा बघायला सोपा भाग. पिठाच्या गिरणीचा पट्टा सैल झाला की घसरतो आणि फार ताणला की बेअरिंग खातो. इथेही तसंच. किती झोल हवा तो आकडा प्रत्येक किटच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तोच पाळायचा, मित्राच्या गाडीचा नाही. ट्रॅकवरचे रबरी दाते अडीच-तीन इंच उंच असतील, तर ते खोल बर्फ उपसण्यासाठी बनवलेले आहेत. कडक बर्फावर ते वाकतात, थरथरतात, तापतात. वसंताच्या चार फेऱ्यांसाठी नवा ट्रॅक घेण्याची गरज नाही. वेग आवरा, तेवढं पुरे.

वेगाबद्दल थोडं थांबू या

खोल बर्फात ॲक्सिलेटर सोडला की गाडी जणू उशीत बसते आणि थांबते. कडक बर्फावर ती थांबत नाही, पळत राहते. आणि ब्रेक असतो तो फक्त मागच्या ट्रॅकला. पुढे स्की आहे, तिला ब्रेक कुठला लावणार? हिवाळाभर मऊ बर्फात शिकलेला स्वार वसंतात पहिल्याच उतारावर फसतो तो इथे. थांबायचं अंतर पुन्हा नव्याने शिकावं लागतं. ते मोकळ्या सपाट जागेवर शिकावं, झाडांमध्ये नाही. पडण्याचंही तसंच. मऊ बर्फात पडलात तर हसून उठता. पहाटेच्या टणक उतारावर पडलात तर घसरत खाली जाता, आणि खाली झाड किंवा दगड असतो. हेल्मेट, पाठीचं कवच आणि मनगटाला बांधलेली इंजिन बंद करणारी दोरी यांवर चर्चा नको.

दुपारचा धोका वेगळा आणि मोठा. पाणी झिरपून बर्फाचे थर आतून सुटे होतात आणि अख्खा उतार खाली येऊ शकतो. त्याच्या खुणा डोळ्यांना दिसतात. उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळू लागतात. गाडीवरून उतरलात तर बूट घोट्याच्या वर रुततो. या खुणा दिसल्या की उंच उताराखालून निघायचं. "एक शेवटची फेरी" करायची नाही. पूर्वेकडचे उतार आधी तापतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे, हे ध्यानात ठेवून सकाळचा मार्ग आखतात. अमेरिका-कॅनडात हिमस्खलनाचा अंदाज रोज प्रसिद्ध होतो. तो वाचल्याशिवाय आणि जवळ ट्रान्सीव्हर, काठी व फावडं असल्याशिवाय कुणी डोंगरात जात असेल, तर त्याच्यासोबत जाऊ नये. ही तिन्ही साधनं सोबतच्या माणसाकडेही हवीत, कारण गाडलेल्याला तोच काढणार असतो.

तुमची लेक-जावई डेन्व्हरला किंवा कॅलगरीला असतील आणि नातवाने गाडी भाड्याने घ्यायचा हट्ट धरला असेल, तर दुकानात तीन गोष्टी विचारायला सांगा: स्क्रॅचर आहे का, रेडिएटरचं झाकण काढलंय का, आणि परतायची वेळ काय ठरली आहे. तिसऱ्या प्रश्नाला "कधीही या" असं उत्तर मिळालं, तर दुसरं दुकान बघा. आणि हिमाचल किंवा काश्मीरला उन्हाळी सुट्टीत सहलीला जाणार असाल, तर स्नो स्कूटरवर बसायचं ते सकाळी. आपल्याकडे हिमस्खलनाचे इशारे चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था देते आणि ते बातम्यांतही येतात. सहलीच्या आदल्या दिवशी तेवढं पाहून घ्या. चालवणाऱ्या भय्याला पट्टी, ताण वगैरे विचारत बसलात तर तो हसेल. पण गाडी सुरू असताना जळका वास आला, तर त्याच्या खांद्यावर थाप मारून "भय्या, थोडं मऊ बर्फातून घ्या," म्हणायला काहीच हरकत नाही.

आणि किट असलेल्यांसाठी शेवटचं. हंगाम संपला की ट्रॅक धुऊन पूर्ण वाळवा, बेअरिंगांना ग्रीस भरा, ट्रॅकचा ताण थोडा सैल करा आणि किट उंदीर पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. लिमिटर पट्टा कोणत्या भोकावर होता ते त्याच कागदावर लिहून किटला बांधून ठेवा. मग गाडीची दोन्ही चाकं परत बसवा. खाली रानातल्या वाटांवर तोवर चिखल वाळलेला असतो.